ओव्यांची वही जाळ्यावर नेताना

वाचकाचे पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, वय ६३. माझी आई ८६ वर्षांची असून तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या येतात आणि ती अजूनही गाते. त्यांपैकी सुमारे ४०० ओव्या मी चार वह्यांत उतरवून घेतल्या आहेत. दीडशेक ओव्या २००६ साली तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या, पण ती फाइल आता उघडली की नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. पुढे सहा वर्षे मी सवड मिळेल तशा ओव्या एका समाजमाध्यमावर टाकत गेले. मागच्या दिवाळीत ते खाते अचानक बंद झाले आणि १४० ओव्या, त्यांखाली बायकांनी लिहिलेल्या त्यांच्या गावच्या ओव्यांसह, गेल्या. आता ब्लॉग सुरू करावा असे मनात आहे. तो कुठे सुरू करावा? जुनी फाइल वाचवता येईल का? कोणी ओव्या चोरल्या तर काय करावे? यातून थोडे उत्पन्न होऊ शकते का? माझा भाचा म्हणतो की आता ब्लॉग कोणी वाचत नाही, व्हिडिओ कर.

— एक वाचक, अंबाजोगाई तालुका

उत्तर

ताई, आपल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मी पुढे देणारच आहे, परंतु आपण न विचारलेली एक गोष्ट त्या सगळ्यांच्या आधी यायला हवी. आपल्या आई अजून गातात. ब्लॉग, फाँट, डोमेन हे सगळे महिनाभर लांबले तरी काही बिघडणार नाही. मात्र त्यांचा आवाज याच आठवड्यात ध्वनिमुद्रित झाला पाहिजे. त्यासाठी निराळे यंत्र आणण्याची गरज नाही, कारण आपल्या फोनमधले रेकॉर्डर पुरेसे आहे. त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाची प्रत निवडण्याची सोय असेल तर सर्वांत वरची प्रत निवडावी, फोन विमान मोडवर टाकावा म्हणजे मध्येच कोणाचा फोन येणार नाही, पंखा बंद करावा आणि फोन घडी घातलेल्या गोधडीवर आईंपासून हातभर अंतरावर ठेवावा. प्रत्येक वेळी सुरुवातीला तारीख, गाव आणि आईंचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगावे, कारण फाइलचे नाव बदलू शकते, आत बोललेले मात्र बदलत नाही. एकच दोन तासांची फाइल करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या अनेक फाइली कराव्यात. एखादी खराब झाली तर बाकीच्या वाचतात. घरात जाते असेल तर एकदा जात्यावर बसवून आणि एकदा नुसते बसवून अशी दोन मुद्रणे घ्यावीत. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात हे खरे, पण हात फिरत असतानाच चाल जशी यायला हवी तशी येते.

आता खाते बंद झाल्याविषयी. आपल्याला झालेले दुःख मला चांगले समजते, कारण २००८ च्या सुमारास मीही साठेक लेख एका फुकट सेवेवर लिहिले होते आणि ती सेवा गुंडाळली गेली तेव्हा माझ्याजवळ त्यांतल्या एकाचीही प्रत नव्हती. हे अपवादाने घडत नाही. लाखो लोकांची घरगुती पाने ज्यावर होती ते जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेला बाजार तो म्हणेल तेव्हा उठवावा लागतो. म्हणून ब्लॉगचा विचार करताना आपण क्रम उलटा लावावा असे मला मनापासून वाटते. ओव्यांची मूळ, पूर्ण आणि नीट लावलेली प्रत आपल्या घरी असावी आणि ब्लॉगवर जावी ती तिची नक्कल. असे असले म्हणजे ब्लॉग कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न पुष्कळ हलका होतो.

घरची प्रत कशी ठेवावी? माझा सल्ला साधा तक्ता करण्याचा आहे. लिबरऑफिस हा विनामूल्य संच संगणकावर घ्यावा. त्यातल्या कॅल्क या तक्ते करण्याच्या साधनात एका ओवीला एक ओळ द्यावी आणि रकान्यांत अनुक्रमांक, ओवी, गाणारीचे नाव, तिचे माहेर व सासर, ऐकल्याची तारीख, विषय, अर्थाची टीप आणि ध्वनिफितीच्या फाइलचे नाव लिहावे. माहेर आणि सासर दोन्ही लिहावीत, कारण ओवी बाईबरोबर लग्नात प्रवास करते आणि पुढे कोणाला तिचा माग काढायचा झाला तर या दोन रकान्यांचाच आधार असतो. या बाबतीत एक उत्तम नमुना आपल्यासमोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जालसंग्रहावर वाचता व काही ऐकताही येतात. तिथे ओवीबरोबर गायिका, गाव, तालुका यांची नोंद कशी केली आहे ते एक संध्याकाळ काढून पाहावे. आपला तक्ता पूर्ण झाला की तो तीन ठिकाणी ठेवावा: संगणकावर, पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावच्या एखाद्या नातेवाइकाकडे, आणि गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. चारही वह्यांच्या पानांचे फोटोही काढून ठेवावेत.

२००६ ची फाइल वाचवता येते, आणि ती वाचवलीच पाहिजे. त्या काळी डीटीपीसाठी जे मराठी फाँट वापरले जात त्यांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसेच. आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाँट केवळ त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फाँट आपल्या संगणकावर नाही, म्हणून मुखवटा उतरला आहे, एवढेच. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात मात्र ‘क’ हा जगातल्या कोणत्याही यंत्रावर ‘क’च असतो. तेव्हा प्रथम फाइलमध्ये फाँटचे नाव कोणते दिसते ते पाहावे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशांपैकी काहीतरी असेल. मग त्या विशिष्ट फाँटचा युनिकोड परिवर्तक जाळ्यावर शोधावा. असे परिवर्तक फुकट मिळतात. एका घराण्याच्या फाँटला दुसऱ्याचा परिवर्तक चालत नाही, म्हणून आधी एकाच ओवीवर प्रयोग करावा.

परिवर्तनानंतर डोळ्यांत तेल घालून वाचावे लागेल, आणि चुका कुठे होतात हे आधी माहीत असले तर काम निम्म्याने कमी होते. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टाइप होत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी, आणि रफार शेवटी दिसतो म्हणून शेवटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. परिवर्तक इथे अडखळला की ‘दर्शन’चे ‘दशर्न’ होते आणि ‘सर्व’चे ‘सवर्’ होते. सगळ्या फाइलीत आधी रफाराचे शब्द तपासावेत, मग पहिल्या वेलांटीची जोडाक्षरे. २००६ ची छापील प्रत आपल्याकडे असेल तर एक दुसरा मार्गही आहे. तिचा फोटो किंवा स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की त्यातला मराठी मजकूर बराचसा ओळखून येतो. वहीतल्या हस्ताक्षराला मात्र या मार्गाने लावू नये. तिथे टाइप करण्यापेक्षा दुरुस्तीलाच जास्त वेळ जाईल.

पुढचे टायपिंग आपण स्वतःच करावे, आणि त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा असे मी आग्रहाने सांगेन. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी साधने सोपी वाटतात, परंतु ती शब्द ओळखून पुढे करतात आणि बोलीतला शब्द त्यांना ओळखू येत नाही. आपण ‘माज्या’ लिहू पाहता आणि यंत्र ‘माझ्या’ देते. इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये आधीपासून असतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने अशी त्याची मांडणी असल्यामुळे मुळाक्षरे शिकवलेल्या माणसाला ती लवकर पटते. रोज अर्धा तास बसल्यास पंधरा-वीस दिवसांत हात बसावा.

यात एक जागा अशी आहे की जिथे पुष्कळ मराठी लेखन चुकते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या; ‘आचार्यांना’ दिलेली दक्षिणा निराळी आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली मजुरी निराळी. ओव्यांत सासऱ्याला, वाऱ्याला, तिसऱ्या ओवीला असे शब्द पदोपदी येतात. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे, मग डी, मग पूर्णविरामाशेजारची तिरकी रेघ, अशा तीन कळांनी ‘ऱ्य’ उमटतो. हेच अक्षर साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही काढता येते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, परंतु शोध घेताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द मानू शकतो. म्हणून एकच पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत तीच चालवावी.

बोलीविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपण शिक्षिका आहात आणि लाल शाईची सवय सहज जात नाही. शुद्धलेखन तपासणारे साधन आईंच्या ओवीतल्या अर्ध्या शब्दांखाली लाल रेघ ओढील. ती रेघ पाहून ओवी सुधारू नये. आईंच्या तोंडून आले तसेच लिहावे आणि खाली दोन ओळींत प्रमाण मराठीत अर्थ द्यावा. त्याने दुहेरी काम साधते. शहरात वाढलेल्या वाचकाला ‘वैरण’ म्हणजे गुरांचा चारा एवढेच ठाऊक असते, जात्याच्या तोंडात घालायची धान्याची मूठ ही तिचा दुसरा अर्थ त्याला टीपेतून कळतो. शिवाय शोधयंत्रात प्रमाण शब्द टाकणाऱ्याला आपले पान सापडते. अडलेल्या शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही विनामूल्य शोधता येतात. जाळ्यावर मराठीत लिहिणाऱ्या कोणालाही मी सर्वांत आधी सुचवतो ते साधन हेच आहे.

आता ब्लॉग कुठे करावा. आपल्यासाठी ब्लॉगर पुरेसे आहे. ते १९९९ साली सुरू झाले, २००३ मध्ये गूगलने घेतले, आजही फुकट आहे, आणि त्यावर जागेचा किंवा देखभालीचा खर्च नाही. ब्लॉग चालवण्याचे दुसरे साधन, वर्डप्रेस, हे अधिक समर्थ आहे यात शंका नाही; परंतु स्वतःच्या भाड्याच्या जागेवर वर्डप्रेस चालवायचे म्हणजे दरमहा अद्ययावत करणे, सुरक्षा पाहणे, जागेचे वार्षिक भाडे भरणे ही कामे मागे लागतात, आणि ती आवडणारा माणूस घरात नसेल तर दोन वर्षांत ब्लॉग आजारी पडतो. भाच्याला त्यात रस असल्यास पुढे कधीही जाता येईल, कारण ब्लॉगरवरचा सगळा मजकूर सेटिंगमधून एका फाइलीत उतरवून वर्डप्रेसमध्ये नेता येतो. ती फाइल दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यावी.

एका बाबतीत मात्र खर्च करावा: स्वतःचे डोमेन, म्हणजे जाळ्यावरचा आपल्या मालकीचा पत्ता, घ्यावे. वर्षाला काही शे ते हजार-बाराशे रुपयांत मिळते आणि ब्लॉगरला ते फुकट जोडता येते. उद्या ब्लॉगर सोडले तरी पत्ता आपलाच राहतो. पहिल्या वर्षाची सवलत पाहून निवड करू नये, नूतनीकरणाची किंमत पाहावी. नोंदणी आपल्या स्वतःच्या नावाने आणि आपल्या ईमेलवरच करावी, भाच्याच्या नव्हे. नूतनीकरणाची सूचना ज्याच्याकडे जाते त्याने ती वाचली नाही म्हणून हातचे पत्ते गेलेले मी पाहिले आहेत. २०१४ पासून ‘डॉट भारत’ असा देवनागरी पत्ताही मिळतो. तो मनाला फार भावतो, तरी एकमेव पत्ता म्हणून तो घेऊ नये, कारण कित्येक ठिकाणी अजून तो नीट स्वीकारला जात नाही.

प्रत्येक नोंदीच्या पत्त्याकडेही लक्ष द्यावे. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिले की पत्ता तयार करताना त्याला शीर्षक घेता येत नाही आणि तो नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ व पुढे एखादा अंक असे काही लावून मोकळा होतो. चारशे नोंदी अशा एकसारख्या झाल्या तर आपल्यालाच काही सापडणार नाही. लिहिण्याच्या पानावर उजवीकडे पत्ता स्वतः देण्याची सोय असते. प्रसिद्ध करण्याआधी तिथे रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द द्यावेत, जसे की bhaubij-ovi किंवा maher-paus, म्हणजे फोनवर रोमन लिपीतच मराठी शोधणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतील. देवनागरी पत्ता चालणाऱ्या सेवांवरही तो टाळावा असे मी म्हणतो, कारण दुवा नकलताना देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी नऊ-नऊ चिन्हांची होते. ‘पहिली माझी ओवी’ एवढ्या तीन शब्दांची शंभराहून अधिक चिन्हे होतात आणि असा दुवा निरोपात अर्धवट तुटतो. शीर्षकही ‘ओवी क्रमांक १७’ असे ठेवू नये. असंख्य ओव्या ‘पहिली माझी ओवी’नेच सुरू होत असल्यामुळे शीर्षकात तिचा विषय यावा.

नोंद लिहिताना वर्डमधून मजकूर थेट चिकटवू नये, कारण त्याबरोबर नको असलेली सजावट येते. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून साधा मजकूर चिकटवावा. ओवीच्या ओळी मोडताना शिफ्टसह एंटर दाबावे म्हणजे त्या जवळ राहतात. रूपरंगावर वेळ घालवू नये: पांढरी पार्श्वभूमी, मोठे अक्षर, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एक फाँट. छायाचित्रे चढवण्याआधी स्क्वूश या साधनाने हलकी करावीत. ते ब्राउझरमध्येच चालते आणि फोटो कोणाच्या सर्व्हरवर जात नाही. ब्लॉगवर थेट ध्वनिफीत चढवण्याची सोय नाही, म्हणून ती इंटरनेट अर्काइव्हवर ठेवावी. ही १९९६ पासून चाललेली ना-नफा संस्था आहे आणि तिथे खाते फुकट मिळते. त्याच संस्थेच्या वेबॅक मशीन या जालपानांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेत ‘हे पान जतन करा’ अशी सोय आहे. प्रत्येक नवी नोंद प्रसिद्ध झाल्यावर तिचा पत्ता तिथे टाकावा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि आपली व ब्लॉगरची दोन्ही दारे बंद झाली तरी तिथे एक प्रत राहते.

हे सगळे ज्या गूगल खात्यावर उभे राहणार त्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज आणखी एक खूण विचारणारी सोय, लावावी. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरलेच नाही तर गूगल ते काढून टाकू शकते, हा नियम २०२३ पासून लागू आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्यासाठी विश्वासू व्यक्ती नेमण्याची सोय आहे; तिथे भाच्याला नेमावे.

आणि भाच्याचे म्हणणे पूर्ण चूक नाही. आईंचा चेहरा आणि हात दिसणारा व्हिडिओ ब्लॉगपेक्षा कितीतरी जास्त लोक पाहतील, म्हणून तो व्हिडिओ करो आणि खाली ब्लॉगचा दुवा देवो. मात्र व्हिडिओत गायलेला शब्द शोधून सापडेलच असे नाही, त्याला टीप जोडता येत नाही, आणि दहा वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला ‘तिसऱ्या ओवीला’ हा शब्द कोणकोणत्या गावांत येतो हे पाहायचे असेल तर त्याला लिहिलेला मजकूरच लागेल.

चोरीविषयी मन स्वच्छ ठेवावे. ओव्यांचा कोणी एक कर्ता नाही. त्या पिढ्यांच्या आहेत आणि त्यांवर मालकी सांगणे मला स्वतःला योग्य वाटत नाही. आपल्या टीपा, आपले अर्थ, आपली निवड यांवर मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपोआप आपला हक्क राहतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. ब्लॉगच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावावा, ज्यात नाव दिल्यास वापरू द्यावे एवढीच अट असेल. ‘व्यापारी वापर नको’ अशी अट मोहात पाडते, पण ती घातल्यास विकिपीडियासारख्या विकिमीडियाच्या प्रकल्पांना आपले साहित्य घेता येत नाही. याहून महत्त्वाचे असे की आईंची, आणि ज्या शेजारणींच्या ओव्या वहीत आहेत त्यांची, संमती नाव घेऊन ध्वनिमुद्रणातच विचारून घ्यावी. नाव नको म्हणणारीचे नाव देऊ नये.

उत्पन्नाची अपेक्षा ठेवू नये. गूगलची ॲडसेन्स ही जाहिरात सेवा मराठीला मिळते, परंतु चार ओळींच्या नोंदीवर आणि मोजक्या वाचकांवर वर्षाकाठी डोमेनचा खर्चही निघेल असे मला वाटत नाही, आणि ओवीच्या मध्ये कर्जाची जाहिरात आलेली आपल्याला पाहवणार नाही.

गेलेल्या १४० ओव्यांसाठी दोन प्रयत्न राहिले आहेत. खाते बंद झाले तरी पुष्कळ सेवा ठरावीक मुदतीत आपली माहिती उतरवून घेऊ देतात. दिवाळी होऊन गेली आहे, तरी त्या सेवेच्या मदत पानावरून लेखी मागणी करून पाहावी. तेवढ्यात, ज्या बायका खाली आपापल्या ओव्या लिहीत होत्या त्यांपैकी ज्यांचे फोन नंबर आपल्याकडे आहेत त्यांना विचारावे. कोणी तरी पानाचा फोटो काढून ठेवला असेल, आणि नसले तरी स्वतःची ओवी त्यांना पाठ आहे. त्या पुन्हा लिहून घेताना तक्त्यात गाणारीच्या रकान्यात आईंच्या नावाखाली त्यांची नावे येऊ द्यावीत.